मनाचा पेपर कधी घेणार?

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
यांस,

शहाद्याच्या सपाटीवरचे गाव असो की अक्राणीच्या डोंगरातला पाडा, आशाताईंच्या पिशवीत एक छापील फॉर्म असतो. तिशी ओलांडलेल्या माणसांच्या घरी जाऊन तो भरायचा. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला साखर किंवा रक्तदाब आहे का, असे विचारत विचारत फॉर्मच्या शेवटाकडे दोन वेगळे प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला आहे का? उदास, निराश वाटत राहते का? उत्तरांचे गुण मांडायचे, आणि ते तीनच्या वर गेले तर त्या माणसाला उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे पाठवायचे, अशी सूचना आहे. म्हणजे मनाचा प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपल्या आरोग्यव्यवस्थेने तिच्यातल्या सर्वांत कमी शिकलेल्या आणि सर्वांत कमी मानधन घेणाऱ्या बाईवर टाकली आहे, आणि ती ते काम करते आहे. खरी अडचण पुढच्या पायरीवर आहे. आशाताईंनी पाठवलेली बाई ज्या डॉक्टरांसमोर येऊन बसते, ते साडेचार वर्षे अभ्यास करून आणि वर्षभर इंटर्नशिप करून आलेले असतात. पण उदास माणसाशी दहा मिनिटे नीट बोलून दाखवल्याशिवाय पदवी मिळणार नाही, अशी अट त्यांना कुणी घातलेलीच नव्हती. आपण ही अट घालावी, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

नंदुरबार जिल्हा आणि आपले विद्यापीठ दोघांचाही जन्म १९९८ सालचा. धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा आज सहा तालुक्यांचा आहे. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती आणि तिच्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. २०२० साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, शंभर जागांचे आणि आपल्याच विद्यापीठाशी संलग्न. त्या पहिल्या तुकडीतली मुले आता डॉक्टर होऊन बाहेर पडू लागली आहेत. बंधपत्राच्या सेवेसाठी त्यांच्यातली काही, आणि राज्याच्या इतर शासकीय महाविद्यालयांतलीही काही, मोलगी, तोरणमाळ, खांडबारा अशा ठिकाणच्या दवाखान्यांत रुजू होतील. तिथे त्यांच्या हाताशी शस्त्रक्रियागृह नसेल, सीटी स्कॅन नसेल, सल्ला विचारायला वरिष्ठही नसतील. समोर माणूस असेल आणि त्याचे म्हणणे ऐकण्याची विद्या असेल. ती विद्या आपण त्यांना कितपत देतो, हे नंदुरबारच्या रुग्णाच्या बाकावर बसून पाहायला हवे, कारण आपल्या पदवीची किंमत शेवटी त्याच बाकावर कळते.

आधी गरजेचा हिशेब मांडतो. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. ते बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण नंदुरबारला दोन्ही बाजूंनी खेटून असलेली गुजरात आणि मध्य प्रदेश ही राज्ये होती. त्या पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि नैराश्य-चिंतेसारख्या नेहमी आढळणाऱ्या आजारांत उपचारांपर्यंत न पोचलेले लोक ८५ टक्क्यांच्या घरात होते. नंदुरबारातल्या प्रौढांची संख्या दहा लाख धरली, तरी या प्रमाणाने लाखभर माणसे होतात. दुसऱ्या बाजूला भारतात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ पाऊण, म्हणजे ०.७५. राष्ट्रीय सरासरी इथे जशीच्या तशी उतरली, तर साडेसोळा लाखांच्या जिल्ह्याला बारा तज्ज्ञ मिळतील. पण सरासरी तशी उतरत नाही, कारण तज्ज्ञ मोठ्या शहरांत राहतात. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खानदेशात एकही नाही. आणि बारा तज्ज्ञ खरोखरच आले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला आठ हजारांहून अधिक रुग्ण येतात. हा भार तज्ज्ञांच्या खांद्यावर कधीच पेलणार नाही. तो सामान्य एमबीबीएस डॉक्टरांनीच उचलावा लागेल. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने १९८२ सालीच प्राथमिक आरोग्यसेवेत मानसिक आरोग्य मिसळण्याचे ठरवले होते. त्याला चार दशके उलटून गेली, आणि अजूनही हे मिसळण्याचे काम ज्याने करायचे त्या डॉक्टरची तयारी अपुरीच आहे.

अभ्यासक्रमात काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. ते खरे नाही आणि न्यायाचेही नाही. २०१९ पासून देशभर क्षमताधारित अभ्यासक्रम आला, त्यात मानसोपचाराचे १९ घटक आणि ११७ क्षमता नोंदवल्या आहेत. व्याख्याने, गटचर्चा आणि स्वयंअध्ययन मिळून ४० तास दिले आहेत. वॉर्डातली पोस्टिंग पूर्वी दोन आठवड्यांची होती, ती चार आठवड्यांची झाली. २०२१च्या नियमांनी इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराचे दोन आठवडे सक्तीचे केले. ही पावले चांगलीच आहेत आणि त्यासाठी झटलेल्या प्राध्यापकांचे ऋण मानले पाहिजे. पण २०१९च्या त्याच रचनेत सामान्य वैद्यकशास्त्र, शस्त्रक्रिया आणि स्त्रीरोग यांना प्रत्येकी वीस आठवडे होते, आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मानसोपचाराची विद्यापीठस्तरावर स्वतंत्र परीक्षा नाही. त्याचे प्रश्न सामान्य वैद्यकशास्त्राच्या दुसऱ्या पेपरात, त्वचारोगांच्या शेजारी, थोड्या गुणांपुरते येतात. ते सोडून दिले तरी उरलेल्या गुणांवर विद्यार्थी आरामात पास होतो. शिरेतून रक्त काढणे, इंजेक्शन देणे, टाके घालणे ही कौशल्ये हाताने करून दाखवावी लागतात आणि लॉगबुकात त्यांवर शिक्षकाची सही लागते. २०१९च्या त्या अभ्यासक्रमपुस्तिकेत मानसोपचाराच्या घटकांखाली अशा प्रमाणित करायच्या कौशल्यांच्या जागी मात्र ‘निरंक’ लिहिले आहे. रुग्णाची मानसिक तपासणी करून दाखवावी, इतिहास नोंदवावा, असे क्षमतांच्या यादीत आहे. ते खरोखर जमते की नाही हे तपासून सही करण्याची सक्ती नाही. ज्यावर सही नाही ते विद्यार्थी मागे ठेवतो. यात त्याचा दोष नाही, परीक्षा जवळ आल्यावर कुणीही हेच करील.

म्हणून माझे म्हणणे तासांविषयी नाही. चाळीसचे साठ तास केले आणि परीक्षा होती तशीच ठेवली, तर वर्गातली रिकामी बाके तेवढी वाढतील. प्रश्न दोनच आहेत: आपण काय तपासतो, आणि कुठे शिकवतो. दुसऱ्या प्रश्नाकडे क्वचितच लक्ष जाते. मानसोपचाराच्या वॉर्डात विद्यार्थ्याला दिसतात ते तीव्र आजाराचे रुग्ण: आवाज ऐकू येणारे, संशयाने पछाडलेले, उन्मादात रात्ररात्र जागणारे. हे रुग्ण पाहायलाच हवेत. पण चार आठवडे फक्त हेच पाहिलेल्या मुलाच्या मनात मानसिक आजाराचे जे चित्र ठसते, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच्या उपयोगी पडत नाही. तिथे नैराश्य ‘नैराश्य’ म्हणून येत नाही. ते डोके जड होणे, अंग मोडून येणे, छातीत धडधड, पोटात गॅस, हातापायांना मुंग्या आणि झोप न लागणे अशा तक्रारींच्या रूपाने येते. दारूचा आजार पडून मोडलेल्या हाडाच्या किंवा रक्ताच्या उलटीच्या निमित्ताने येतो. बाळंतपणानंतरचे भ्रम ‘बाहेरचे लागले’ या शब्दांत येतात. हे सगळे मानसोपचाराच्या वॉर्डात भेटत नाही. ते मेडिसिनच्या ओपीडीत, प्रसूतीकक्षात, अपघात विभागात आणि गावातल्या उपकेंद्रात भेटते. विषय एका खोलीत शिकवला जातो आणि रुग्ण दुसऱ्याच खोलीत बसलेला असतो.

हे जरा जवळून पाहू. मंगळवारची ओपीडी, बाहेर ऐंशी-नव्वद माणसे. पस्तिशीची एक बाई, सोबत सासू. तक्रार अंगदुखीची आणि गॅसची, तीन महिन्यांपासूनची. केस पेपरवर आधीच्या दोन भेटींची औषधे लिहिलेली: पित्ताची गोळी, बी-कॉम्प्लेक्स, दुखण्याची गोळी, एकदा सलाईन. डॉक्टर रक्तदाब पाहतात, तो ठीक असतो, आणि तीच औषधे पुन्हा लिहिली जातात. दोन मिनिटे. आता याच भेटीत काय बदलता आले असते? सासूला बाहेर बसवून आशाताई किंवा सिस्टरला दुभाषी म्हणून घ्यायचे, कारण बाईंची भाषा भिली किंवा पावरी आहे आणि डॉक्टरांची मराठी. झोप कशी आहे, भूक कशी आहे, पूर्वी जे करताना बरे वाटायचे ते आता करावेसे वाटते का, आणि शेवटी, जगणे नकोसे होते का, मरून जावे असे मनात येते का, हे सरळ विचारायचे. असे विचारल्याने मरणाचा विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. उत्तरे ‘हो’ आली, तर फ्लुओक्सेटिनसारखे स्वस्त औषध उपलब्ध आहे. पण ते देणाऱ्याला हे माहीत हवे की त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि ही गोष्ट बाईंना पहिल्याच दिवशी सांगितली नाही तर त्या पाचव्या दिवशी गोळी सोडतील. हे न शिकलेला डॉक्टर लगेच आराम देणारी अल्प्राझोलामची गोळी लिहितो, आणि काही महिन्यांनी एका आजाराच्या जागी सवयीचा दुसरा आजार उभा राहतो.

दुसरे उदाहरण त्याहून तातडीचे आहे. पाय मोडून दाखल झालेला माणूस तिसऱ्या दिवशी थरथरू लागतो, घामाघूम होतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, पलंगावरून उठून पळू पाहतो. नातेवाईक भगताला आणायचे म्हणतात. वॉर्डात त्याला बांधून ठेवतात. तो रोज मोहाची दारू पिणारा आहे आणि दाखल झाल्यापासून त्याला ती मिळालेली नाही, एवढा एक प्रश्न विचारला असता, तर निदान पहिल्याच दिवशी झाले असते. अशा रुग्णाला ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन द्यावे लागते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बरोबरीने डायझेपामच्या गटातले औषध योग्य मात्रेत द्यावे लागते. उपचार न झाल्यास हा आजार जीव घेतो. आणि तिसरे उदाहरण तर प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नेहमीचे आहे. कीटकनाशक प्यायलेला रुग्ण येतो. पोट धुणे, अॅट्रोपिनची मात्रा, एमएलसीची नोंद, पोलिसांना कळवणे हे सगळे आपल्या मुलांना तोंडपाठ येते, कारण परीक्षेत हमखास विचारले जाते. जीव वाचतो, आणि चौथ्या दिवशी डिस्चार्ज कार्डावर सही होते. तो का प्यायला आणि घरी गेल्यावर पुन्हा पिईल का, हा प्रश्न कार्डावर नसतो. २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत २२ हजार ७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. एकदा प्रयत्न केलेल्या माणसाने पुन्हा प्रयत्न करण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. तोच आपल्यासमोर चार दिवस पडून होता.

कायदा या बाबतीत आपल्या शिक्षणाच्या पुढे गेला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चा. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याच्या कलम ३१ने सरकारवर जबाबदारी टाकली आहे की सार्वजनिक आरोग्य संस्थांतल्या आणि तुरुंगांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीची मानसिक आरोग्यसेवा देण्याचे प्रशिक्षण किमान द्यावेच. त्याच कलमाने लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचे प्रयत्न दहा वर्षांत करावेत असे म्हटले आहे. ती मुदत २०२८ मध्ये संपते. कलम ९४ने कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला आणीबाणीत, जिवाला धोका असेल तर, मानसिक आजाराचे उपचार बहात्तर तासांपर्यंत देण्याचा अधिकार दिला आहे. कलम ११५ सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरायचे, आणि त्याची काळजी घेणे, त्याला उपचार देणे, पुन्हा तसे घडू नये हे पाहणे सरकारचे कर्तव्य आहे. म्हणजे अधिकारही दिला, कर्तव्यही दिले. तो अधिकार वापरण्याइतपत डॉक्टर तयार झाला आहे याची खातरजमा कोण करणार? पदवीवर सही ज्यांची, त्यांनीच ती करायला हवी.

यावर पहिला आक्षेप येईल तो ओझ्याचा. एमबीबीएसचा अभ्यासक्रम आधीच फुगला आहे, प्रत्येक विषयाचे प्राध्यापक आपल्या विषयाला जास्त जागा मागतात, मग मानसोपचारालाच का? आक्षेप प्रामाणिक आहे. पण मी जागा मागत नाही, वजन मागतो. नैराश्य ओळखणे ही मेडिसिनच्या ओपीडीत रोज लागणारी गोष्ट आहे. तिला वेगळा वॉर्ड लागत नाही. मधुमेहाच्या रुग्णाची लाँग केस घेताना झोप, मन आणि दारू यांबद्दल विचारले की नाही, यावर परीक्षकांनी गुण ठेवले, तर एकही तास न वाढवता पुढच्या परीक्षेपासून प्रत्येक विद्यार्थी ते विचारू लागेल. स्टेथोस्कोप कानाला लावायला आपण असेच शिकवले. आणि ओझ्याचा हिशेबच करायचा, तर न ओळखलेल्या नैराश्यापायी होणाऱ्या फेऱ्या, वारंवारच्या रक्ततपासण्या, फुकट गेलेली सलाईने यांचे ओझेही त्याच तराजूत घालावे लागेल.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांकडूनच येतो. अर्धवट शिकलेले डॉक्टर मेंदूवरची औषधे लिहू लागले तर नुकसान होईल; त्यांनी रुग्ण ओळखून रेफर करावा, एवढेच बरे. ही भीती निराधार नाही. अल्प्राझोलामचे उदाहरण मी वर दिलेच. पण ते औषध आजही सर्रास लिहिले जाते, आणि ते न शिकल्यामुळे लिहिले जाते. शिकवणे थांबवल्याने औषध लिहिणे थांबत नाही, फक्त चुकीचे औषध लिहिले जाते. रेफर करण्याविषयी सांगायचे, तर धडगावच्या डोंगरातल्या मजुराला दर महिन्याला जिल्ह्याला जा म्हणणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे दोन्ही मागणे. तो एकदा जाईल, दुसऱ्यांदा जाणार नाही. आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबाचा तर पत्ताच लागत नाही. कोणाला इथेच बरे करता येईल आणि कोणाला आजच्या आज पुढे पाठवायलाच हवे, हा फरक ओळखणे हेच शिक्षण आहे. योग्य रेफर करण्यासाठीही आधी निदान यावे लागते.

तिसरा आक्षेप काळाबरोबर आला आहे. टेलिमानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, ई-संजीवनीची ऑनलाइन सल्लासेवा आहे, आणि साध्या प्रशिक्षणानंतर गावातले कार्यकर्तेही समुपदेशन करू शकतात हे सिद्ध झाले आहे. मग डॉक्टरवर एवढा भर कशाला? या प्रयोगांचा मला आदर आहे, आणि त्यांतले दोन मोठे प्रयोग आपल्याच परिसरात झाले. गोव्यात बारा सरकारी आणि बारा खासगी दवाखान्यांत मानस नावाचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आले. प्रशिक्षित समुपदेशक बसवल्यावर सरकारी केंद्रांतले नैराश्य-चिंतेचे रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांमध्ये विश्राम प्रकल्प झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. पण या प्रयोगांची रचना पाहा. गोव्यात समुपदेशकाबरोबर केंद्राचा डॉक्टर होता आणि त्यामागे मानसोपचारतज्ज्ञ होता. सौम्य आजार समुपदेशकाने सांभाळायचा, बळावला तर औषध डॉक्टरने लिहायचे, अवघड झाला तर तज्ज्ञाने पाहायचे, अशी ती उतरंड. मधली पायरी काढून घेतली तर शिडी चढता येत नाही. फोनवरच्या तज्ज्ञालाही रुग्णाजवळ बसलेला, नेमकी माहिती सांगू शकणारा डॉक्टर लागतो.

चौथा आक्षेप सर्वांत खोल आहे, आणि तो नंदुरबारचाच आहे. इथले दुःख आजाराचे नाही, परिस्थितीचे आहे, असे सांगितले जाते. कुपोषण आहे, सिकलसेल आहे, मजुरीसाठी स्थलांतर आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली इथली गावे गेली. त्यावर गोळी काय करणार? आणि लोक तर आधी भगताकडे जातात. यातला पहिला भाग खरा आहे, आणि डॉक्टरने तो विसरू नये. उपासमारीवर गोळीचा उपाय नाही. पण परिस्थितीने आलेले नैराश्यही नैराश्यच असते. ज्या आईची उमेद संपली, ती बाळाला वेळेवर पाजत नाही, पोषण पुनर्वसन केंद्रात थांबत नाही, आपल्या गोळ्या घेत नाही. कुपोषणाच्या लढाईतही तिचे मन हा एक मोर्चा आहे. भगताविषयी म्हणाल, तर लोक त्याच्याकडे जातात कारण तो वेळ देतो, ऐकून घेतो आणि त्यांच्या भाषेत बोलतो. त्याच्याशी भांडण्यापेक्षा आपल्या डॉक्टरने या तीन गोष्टी शिकाव्यात. आणि जिथे भ्रमात बोलणाऱ्या किंवा वेगळे वागणाऱ्या बाईला गाव डाकीण ठरवते, तिथे वेळेवर झालेले निदान ही केवळ वैद्यकीय बाब राहत नाही. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अंमलबजावणी पोलिसांनी करावी. पण या बाईला आजार आहे आणि तो बरा होतो, हे गावासमोर ठामपणे सांगायला डॉक्टरच हवा.

शेवटचा आक्षेप आपल्या कार्यालयातूनच येऊ शकतो: अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो, विद्यापीठाच्या हाती काय आहे? किमान निकष राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो हे खरे. पण प्रश्नपत्रिका विद्यापीठ काढते, परीक्षक विद्यापीठ नेमते, प्रात्यक्षिक परीक्षेच्या गुणपत्रिकेचा तपशील विद्यापीठ ठरवू शकते. किमान म्हणजे कमाल नव्हे. म्हणून माझ्या मागण्या आपल्या हातातल्याच आहेत. अंतिम वर्षाच्या मेडिसिनच्या प्रात्यक्षिकात मानसिक तपासणीचे एक स्थानक सक्तीचे करा: विद्यार्थ्याने दहा मिनिटांत, गरज असेल तर दुभाष्याच्या मदतीने, रुग्णाशी बोलून नैराश्य, दारू आणि आत्महत्येचा धोका तपासून दाखवायचा; त्यात नापास झाला तर पुन्हा द्यायचे. लॉगबुकात अशा पाच मुलाखतींवर शिक्षकाची सही आवश्यक करा, आणि त्यातल्या निदान दोन मानसोपचार विभागाबाहेरच्या, म्हणजे मेडिसिनच्या ओपीडीतल्या किंवा अपघात विभागातल्या असू द्या. कुटुंब दत्तक उपक्रमात विद्यार्थी गावातल्या कुटुंबांकडे जातातच. तिथे आशाताईंच्या फॉर्ममधले तेच दोन प्रश्न विचारण्याचे आणि पुढे काय झाले ते नोंदवण्याचे काम त्यात घाला. इंटर्नशिपच्या दोन सक्तीच्या आठवड्यांपैकी एक आठवडा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाबरोबर तालुक्याला जाऊ द्या. नव्या महाविद्यालयांत मानसोपचाराचे शिक्षक पुरेसे मिळत नाहीत हे मी जाणतो; म्हणूनच या सह्या करण्याचे प्रशिक्षण मेडिसिन, स्त्रीरोग आणि जनऔषधवैद्यक विभागांच्या शिक्षकांना विद्यापीठाने द्यावे. आणि स्वतंत्र परीक्षेची मागणी आयोगाकडे आपण लावून धरावी. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी ती फार वर्षांपासून करते आहे, आणि शेजारच्या श्रीलंकेत अंतिम वर्षात मानसोपचार हा स्वतंत्र विषय आहे. आपल्याहून लहान देशाला जमले ते आपल्याला अशक्य नाही.

यात विद्यार्थ्यांचेही हित आहे, हे आवर्जून सांगतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये केलेल्या ऑनलाइन पाहणीत एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले, आणि १६.२ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येत असल्याचे. ज्या महाविद्यालयात मनाविषयी बोलणे हे परीक्षेत मोजले जाणारे, सर्वांसमोर करून दाखवायचे साधे कौशल्य असेल, तिथे वसतिगृहातल्या मित्राला ‘काय रे, झोप लागत नाही का?’ असे विचारणेही सोपे होईल. डॉक्टर आधी स्वतःविषयी हे शब्द उच्चारायला शिकला, तरच तो ते रुग्णाशी संकोच न करता बोलेल.

आशाताईंनी त्यांच्या वाट्याचे दोन प्रश्न विचारले आहेत आणि बाईंनी त्यांची खरी उत्तरे दिली आहेत. फॉर्म भरून झाला आहे, बाई चिठ्ठी घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसली आहे. तिसरा प्रश्न डॉक्टरने विचारायचा आहे, आणि तो विचारायला त्याला शिकवणे आपल्या हाती आहे. येणाऱ्या परीक्षेच्या गुणपत्रिकेत त्यासाठी एक ओळ वाढवावी, ही नंदुरबारच्या लोकांच्या वतीने कळकळीची विनंती.

आपला,
नंदुरबार जिल्ह्यातील एक नागरिक